देवाच्या बागेत फुलं कमी होती का?

नगरला आमच्या गल्लीत सहा वर्षांचा एक मुलगा रक्ताच्या कॅन्सरने गेला. कुटुंब ख्रिस्ती. दफनविधी उरकून सगळे घरी आले. अंगणात मांडववाल्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात गार होत चाललेला चहा आणि ज्याच्या त्याच्या तोंडी सांत्वनाचं एखादं वाक्य. "देवाची इच्छा." "तो आता प्रभूजवळ आहे." एका बाईंनी आजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देवाला चांगली फुलं आवडतात हो, म्हणून लवकर खुडतो."

आजी नातवाच्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच्या बागेत कमी होती का?"

पुढे कोणी काही बोललं नाही. बाई चहाचे कप गोळा करायला उठल्या.

२०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत चर्चमध्ये बॉम्ब फुटले आणि प्रार्थनेला जमलेली माणसं बाकांवरच मारली गेली, तेव्हाही अनेकांनी हाच प्रश्न विचारला होता. ऑफिसातल्या एका मित्राने मला सरळ विचारलं, "तुमचा देव प्रेमळ ना? मग तो त्या वेळी कुठे होता?" ख्रिस्ती लोक यावर काय म्हणत आलेत आणि त्यांच्या कुठल्या उत्तरात किती दम आहे, ते इथे सोपं करून सांगतो. उत्तरं पुष्कळ आहेत. सगळी चांगली नाहीत.

कोडं नेमकं कुठे आहे?

सोसायटीत चोरी झाली की आधी वॉचमनला धरतात. शक्यता तीनच असतात. त्याला कळलंच नाही, कळलं पण चोर त्याला आवरले नाहीत, किंवा तो सामील होता. ख्रिस्ती श्रद्धा देवाबद्दल सांगते की त्याला सगळं कळतं, तो काहीही करू शकतो आणि तो निव्वळ प्रेम आहे. म्हणजे तिन्ही पळवाटा बंद. तरीही चोरी झालीय, तीही सहा वर्षांच्या पोराची. हे त्रांगडं ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरसच्या नावावर सांगितलं जातं, म्हणजे ते ख्रिस्ताच्याही आधीचं आहे.

हे कोडं सोडवून देव निर्दोष आहे असं दाखवण्याच्या खटाटोपाला धर्मशास्त्रात 'थिओडिसी' म्हणतात. देव आणि न्याय या दोन ग्रीक शब्दांची ही जोडणी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१० मध्ये रूढ केली. आपण सरळ 'देवाची वकिली' म्हणू आणि पुढेही हाच शब्द वापरू.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट वेगळी वाटेल. आपल्याकडे असं काही घडलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "मागच्या जन्मीचे भोग." वॉचमनच्या भाषेत सांगायचं तर ही चोरी नव्हेच, जुन्या उधारीची वसुली आहे. कर्मसिद्धांत मुळात इतका सपाट नाही, पण बोलण्यात तो असाच वापरला जातो. ख्रिस्ती माणसाकडे मागचा जन्म नाही. जन्म एकच, देव एकच, आणि तो बाप आहे असं रोजच्या प्रार्थनेतच म्हटलेलं. त्यामुळे गाऱ्हाणं घेऊन दुसऱ्या कोणाकडे जाता येत नाही. हा प्रश्न ख्रिस्ती घरात जास्त बोचतो तो यासाठी.

"काहीतरी पाप केलंच असेल"

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त उत्तर हे. दुःख आहे त्या अर्थी पाप असणार. अनेक ख्रिस्ती लोकही असंच मानतात, म्हणून सांगायला हवं की ज्या पुस्तकावर ते हात ठेवतात त्यातच हे उत्तर खोडून काढलेलं आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, नवव्या अध्यायात, वाटेवर एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला, तर पाप कोणाचं? याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. वर ऐकणाऱ्यांनाच बजावतो की तुम्ही आपापलं बघा, पश्चात्ताप करा.

आंधळ्याच्या गोष्टीत येशू पुढे म्हणतो की देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं. हा दुसरा भाग मला अजून पचलेला नाही. एखाद्याची इतकी वर्षं अंधारात घालवायची ती चमत्कार दाखवण्यासाठी? अभ्यासक या वाक्याचे वेगवेगळे अर्थ लावतात. पहिला भाग मात्र लख्ख आहे. पाप मोजून दुःख वाटलं जात नाही.

ईयोबच्या पुस्तकात वकिलांचीच उलटतपासणी

या विषयावरचं बायबलमधलं सगळ्यात धीट पुस्तक म्हणजे ईयोब. त्याची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. ऊस नावाच्या देशातला सज्जन माणूस. ७ मुलगे, ३ मुली, ७,००० मेंढरं, ३,००० उंट. सैतान देवाला डिवचतो की हा तुझी भक्ती करतो ती तू याला भरभरून दिलंयस म्हणून, काढून घे आणि मग बघ. देव परवानगी देतो. एका दिवसात गुरंढोरं जातात आणि वाऱ्याने घर कोसळून दहाही मुलं मरतात. पुढे ईयोबच्या अंगभर फोड येतात. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहतो.

"परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे त्याचं वाक्य आपल्याकडे कबरीच्या दगडांवर कोरतात. ते पहिल्या अध्यायातलं आहे. पुस्तकाचे अध्याय ४२. तिसऱ्यात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि तिथून पुढे तो देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करतो. माझा गुन्हा दाखव, म्हणतो. हा भाग दगडांवर कोणी कोरत नाही.

त्याचे तीन मित्र येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्याची दशा बघून सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द न बोलता. इथवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत. मग ते तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं. देव अन्याय करत नाही, म्हणजे चूक तुझीच असणार. तुझ्या मुलांनीच काही केलं असेल. मुकाट्याने कबूल कर. तिघे देवाची कडक वकिली करतात आणि प्रत्येकाचं बोलणं ऐकायला अगदी धार्मिक वाटतं.

शेवटी वावटळीतून देव बोलतो. 'का' याचं उत्तर तो देत नाही. उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या कधी वितात तुला ठाऊक आहे? शहामृग, रानगाढव, समुद्रातला अक्राळविक्राळ लिव्याथान, चार अध्यायभर हेच. वाचताना चिडायला होतं. हा विचारतोय पोरं का मेली, आणि तो सांगतोय शहामृग अंडी कुठे घालतं. मात्र यातून एक गोष्ट कळते. हे जग एकट्या माणसाच्या हिशेबाने चालवलेलं नाही आणि त्याचा सगळा हिशेब माणसाच्या वहीत मावणार नाही. ज्या पैजेपायी एवढं रामायण झालं, ती ईयोबला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

खरा धक्का त्यानंतर आहे. देव मित्रांवर संतापतो. म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाला शिव्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवलेला ईयोब बरोबर, आणि देवाची बाजू मांडणारे चूक. वकीलपत्र घेतलेल्यांनाच अशिलाने झापलं. फुलं खुडण्याचं वाक्य म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा अध्याय वाचायला हवा.

ईयोबला शेवटी सगळं दुप्पट मिळतं आणि पुन्हा ७ मुलगे, ३ मुली होतात. हा शेवट गोड आहे असं मला कधी वाटलं नाही. मेंढरं भरून निघतात. पोरं कशी भरून निघतील?

लिस्बन, किल्लारी आणि पापाचा हिशेब

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. त्याच वेळी भूकंप झाला. छतं प्रार्थना करणाऱ्यांवर कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि जीव वाचवायला किनाऱ्याकडे धावलेल्यांवर समुद्राची लाट आली. हजारो माणसं गेली. जे देवळात होते तेच आधी मेले, हे युरोपला पचलं नाही. हे जग शक्य असलेल्या जगांमध्ये सर्वोत्तम आहे, ही लायब्निझची वकिली. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने कविता लिहून तिची खिल्ली उडवली.

लिस्बनमध्ये मालाग्रिदा नावाचे जेझुइट धर्मगुरू सांगत सुटले की हा पापांचा दंड आहे, पश्चात्ताप करा. राज्याचा मंत्री पोम्बाल दुसऱ्याच कामात होता. प्रेतांची विल्हेवाट, अन्न, तंबू. आणि त्याने प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, प्रश्नावली पाठवली, धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, समुद्र आधी चढला की ओसरला? भूकंपशास्त्राची सुरुवात सांगताना आजही या प्रश्नावलीचं नाव निघतं. तिची उत्तरं गावोगावच्या पाद्र्यांनीच लिहून पाठवली, हे मला विशेष वाटतं.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं, ते गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर. माणसं बाप्पाला निरोप देऊन झोपली होती. सणाचं नाव बदललं तरी दगडमातीच्या भिंती तशाच कोसळतात. पापाचा हिशेब मांडण्याची खोडही कुठल्या एका धर्माची नाही. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला. हेतू कितीही चांगला असला तरी त्या दिवशी गांधीजी अलीफजच्या खुर्चीत बसले होते, असं मला वाटतं.

"देवाने माणसाला मोकळीक दिली, तिचा हा परिणाम"

वकिलीतला सगळ्यात मजबूत मुद्दा हा. प्रेम जबरदस्तीने होत नाही. 'आय लव्ह यू' म्हणणारी चावीची बाहुली आणून ठेवली तर ती प्रेम करते असं आपण म्हणणार नाही. म्हणून देवाने माणसाला खरी निवड दिली, आणि खरी निवड म्हणजे वाईट निवडण्याचीही मुभा. श्रीलंकेतले बॉम्ब माणसांनी बांधले होते.

अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी १९७० च्या दशकात हा मुद्दा फार नेटका केला. त्यांचं म्हणणं आरोपीच्या वकिलासारखं आहे. खरा गुन्हेगार कोण हे त्याला सिद्ध करावं लागत नाही. आरोप शंकेच्या पलीकडे सिद्ध झालेला नाही, एवढं दाखवलं की झालं. देव आणि दुःख ही जोडी तर्काने अशक्य नाही एवढंच ते दाखवतात, आणि तेवढं त्यांना बऱ्यापैकी जमलंय असं विरोधकही मान्य करतात. पण संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या माणसाला कोणी घरी जेवायला बोलावत नाही. बाटलीचा पट्टा गुंडाळणाऱ्या आजीला या निकालाचा काय उपयोग?

पण कॅन्सरच्या पेशीला कुणी निवड दिली होती?

इथे वरचा मुद्दा तोकडा पडतो. भूकंप आणि रक्ताचा कॅन्सर ही माणसाची निवड नव्हे. जुनं उत्तर असं, की पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली, त्या पतनाने सगळी सृष्टीच बिघडली. सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे, असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात रोमकरांना लिहितो. नवं उत्तर असं, की जग नियमांनी चालायचं तर त्याच नियमांचे चटकेही बसणार. भाकरी भाजते तीच आग हात पोळते. पेशी दुपटीने वाढतात म्हणून मूल वाढतं, आणि तीच वाढ आवरेनाशी झाली की कॅन्सर.

पटतं. पण अर्धंच. सर्वसमर्थाला थोडं वेगळं काही जमलं नसतं का, हा प्रश्न तिथेच राहतो.

"दुःखाने माणूस घडतो"

दुसऱ्या शतकातला बिशप इरेनेयस म्हणायचा की माणूस तयार होऊन आलेला नाही, तो घडतोय. १९६० च्या दशकात ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी त्यावर मोठी मांडणी केली, की हे जग आरामाची जागा नसून तालीम आहे. चर्चमधल्या प्रवचनात याचंच सोपं रूप ऐकू येतं. आई बाळाला लस टोचायला नेते, बाळाला वाटतं आई दुष्ट आहे, पण त्यात त्याचं भलंच असतं.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाला कमरेत सुया टोचायचे. आई त्याला घट्ट धरून कानात गाणं म्हणायची. दाखला इथेच मोडतो. एक तर आई दिसत होती, तिचा हात लागत होता. आणि दुसरं, त्या सुयांनी तो घडला नाही, गेला. काही माणसं दुःखातून घडतात हे मी पाहिलंय, काही पार मोडतात हेही पाहिलंय. सोसलेला माणूस स्वतःच्या दुःखाबद्दल 'मी यातून शिकलो' म्हणाला तर ऐकून घ्यावं. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ते म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

मग क्रूस कशासाठी?

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा युर्गेन मोल्टमान नावाचा १७ वर्षांचा पोरगा विमानविरोधी तोफेवर होता. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने उडाला, हा वाचला. घर धार्मिक नव्हतं, पण त्या रात्री त्याने पहिल्यांदा देवाला हाक मारली. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना हातात बायबल पडलं. त्याला धरून ठेवलं ते तक्रारीच्या स्तोत्रांनी आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या मरणाऱ्या येशूच्या आरोळीने, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा माणूस पुढे विसाव्या शतकातला एक मोठा धर्मशास्त्रज्ञ झाला.

मोल्टमान यांचा मुद्दा असा, की देव लांब उंचावर बसून निकाल देतो असं धरलं तर वरची सगळी वकिली लंगडी पडते. पण क्रुसावर लटकलेला निष्पाप माणूस हाच देव आहे असं ख्रिस्ती माणूस म्हणतो. 'का' असं ओरडणाऱ्यांच्या रांगेत देव स्वतः उभा आहे. त्यालाही वरून उत्तर आलं नाही.

यावर माझ्या ऑफिसातल्या मित्राचा आक्षेप रास्त होता. "डॉक्टर स्वतः आजारी पडला तर पेशंटला काय फायदा?" नुसता आजारी पडला तर काहीच नाही. ख्रिस्ती माणूस गुड फ्रायडेवर थांबत नाही, त्याच्यापुढे ईस्टर आहे. मेलेला उठला आणि म्हणून शेवटी सगळे अश्रू पुसले जातील, अशी त्याची आशा आहे. ही आशा आहे, पुरावा नव्हे. जो पुनरुत्थान मानत नाही त्याच्या हाती यातलं अर्धंच लागतं, म्हणजे सोबत. काहींना ती पुरते, काहींना नाही.

देवाशी भांडलेलं चालतं का?

मराठी माणसाला हे सांगायला नको. जनाबाई विठ्ठलाला खडसावते, तुकोबा त्याच्याशी हुज्जत घालतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक सांगत. बायबलमध्येही हेच आहे. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश तक्रारीची आहेत आणि 'विलापगीत' नावाचं अख्खं पुस्तक आहे. प्रार्थना म्हणजे फक्त आभार आणि स्तुती, हे आपण नंतर करून ठेवलं.

"हे सगळं बोलणं झालं, करायचं काय?" असंही कोणी विचारेल. जानेवारी २०१५ मध्ये मनिलाला पोप फ्रान्सिस तरुणांना भेटले. पूर्वी रस्त्यावर राहिलेली एक १२ वर्षांची मुलगी माइकवर आली. मुलांचा काही दोष नसताना देव असं का होऊ देतो, आणि आम्हाला मदत करणारे इतके थोडे का, असं विचारता विचारता ती रडायला लागली. पोपनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि म्हणाले की हिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. बातमी एवढ्याचीच झाली. तिच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मागे पडला. तो देवासाठी नव्हताच, समोर बसलेल्या हजारोंसाठी होता.

पंडिता रमाबाईंना तो अर्धा भाग कळला होता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीने नवरा. इतकं सोसल्यावर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका आपल्या आसऱ्याला आणल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. स्वतःच्या दुःखाचं कारण मिळण्याची वाट त्यांनी बघितली नाही. उरलेल्या वेळात त्या हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः. ईयोबचं पुस्तकही त्यांनी मराठीत आणलं. ते करताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हा विचार मी अनेकदा करतो.

गल्लीतल्या त्या घरी तिसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब आले. भाषण केलं नाही. आजींच्या समोर खाली सतरंजीवर बसले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आजी, एक वाचू?" आणि ८८ वं स्तोत्र काढलं. माझा जीव संकटांनी भरलाय, तू मला खोल खड्ड्यात टाकलंस, तू तोंड का लपवतोस, असं ते चालत जातं. बाकीची तक्रारीची स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. आजींनी विचारलं, "संपलं?"

"हो, आजी. एवढंच आहे."

आजींनी बाटली खाली ठेवली. "परत एकदा वाचा," म्हणाल्या.